चालत्या प्रोग्रॅमची जबानी

आरोग्य खात्याच्या मुख्य कचेरीतला बदल्यांचा प्रोग्रॅम तीन हजार नऊशे चौऱ्याण्णव दिवस एका दमात चालू होता. तो बंद पडू नये म्हणून कचेरीतली माणसं त्याला जेवढी जपत, तेवढी त्यांनी आजाऱ्यांना जपलं असतं तर निम्मी इस्पितळं ओस पडली असती.

प्रोग्रॅम ज्या कॉम्प्युटरवर चाले, तो तळमजल्यावरच्या एका खोलीत टेबलाखाली बसवलेला होता. त्या खोलीत चवड्यांवर चालायचा नियम होता. एकदा एका कारकुनाला तिथे शिंक आली, तर तो नाक दाबून तीन दरवाजे ओलांडत बागेत पळाला, तिथे शिंकला आणि परत येऊन त्याने तशी नोंद करून सही ठोकली. झाडूवाल्या मावशींना टेबलाच्या दोन हातांच्या आत यायला बंदी. त्यामुळे टेबलाखाली धुळीचा असा जाड थर साठला होता की कचेरीतल्या मांजरीने गादी समजून त्यावर दोनदा पिल्लं घातली. वायरच्या पिनेभोवती चिकटपट्टीचे सात वेढे होते आणि बंद-चालूच्या बटणाशेजारी स्टुलावर एक पहारेकरी. त्याच्या आधीचा पहारेकरी याच स्टुलावरून सन्मानाने निवृत्त झाला होता. यंत्र काय काम करतं हे दोघांनाही माहीत नव्हतं, पण बटण कुठलं, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं, आणि बहुतेक वेळा ते झोपेतच असत.

दाराबाहेर फळा होता. त्यावर रोज सकाळी खात्याचे मोठे साहेब स्वतःच्या हाताने आकडा लिहीत: आज इतके दिवस अखंड. सगळी कचेरी त्यांना मागून अखंडसाहेब म्हणे. साहेबांनी खात्यासाठी काय केलं, असं कोणी विचारलं की त्याला फळा दाखवत. येत्या सोमवारी चार हजार भरणार होते. सभागृह, पाहुणे, भाषणं, सगळं ठरलं होतं.

या सगळ्या थाटात प्रोग्रॅमची खरोखरची देखभाल करणारा माणूस एकच होता. त्याला कचेरी ठिगळराव म्हणे. नवीन काही लिहायला त्याला कधी कोणी सांगितलं नाही. जुन्यालाच ठिगळं लावता लावता केस पांढरे झाले. या ठिगळरावाची बायको सरकारी नर्स. ती नर्सबाई गेली सहा वर्षं डोंगरापलीकडच्या दवाखान्यात होती. एक दिवसाचा प्रवास, शेवटचे दोन तास घाटाचे. तीन वर्षांत परत यायची ती सहा झाली तरी तिथेच. आणि कोणाची बदली कुठे, हे ठरवणारा प्रोग्रॅम तिच्याच नवऱ्याच्या हाताखाली! लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं. शेजारी तर ठिगळरावाकडे बघून असे हसत, जसा काही त्याने फार मोठा डाव साधला होता.

मंगळवारी संध्याकाळी नर्सबाईंचा फोन आला.

"जेवलात?"

"बसतोच आहे. आईंनी ताट वाढलंय."

"बरं, ऐका. इथल्या मुख्य नर्सची जागा मला कायमची देतायत. निवृत्त होईपर्यंत. शनिवारपर्यंत कळवायचंय."

ठिगळरावाच्या हातातला घास हातातच राहिला. "मग तू काय कळवणार?"

"शुक्रवारी अकरा वाजता तुमच्या प्रोग्रॅमची यादी लागेल ना? त्यात माझं नाव आलं तर नाही म्हणून कळवीन. नाही आलं तर हो. दर वर्षी ट्रंक भरायची आणि परत रिकामी करायची, मला आता कंटाळा आलाय."

"अगं, पण मी?"

"तुमचं काय अडलंय? तुम्ही आणि तुमचा प्रोग्रॅम, दोघं सुखात आहात की. तो तुम्हाला सोडत नाही, तुम्ही त्याला सोडत नाही."

"या वर्षी नाव येणारच. नियम बदललाय, मी स्वतः बदललाय, मी स्वतः तपासलाय!"

"हे तुम्ही गेल्या वर्षीही म्हणाला होतात. त्याच्या आदल्या वर्षीही. आवाजसुद्धा असाच चढवला होतात." आणि फोन बंद.

ताटासमोर सासूबाई बसल्या होत्या. मुलगी परगावी म्हणून जावयाचं बघायला चार दिवसांसाठी आलेल्या, त्याला पाच वर्षं झाली होती. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेलं. त्यामुळे समोर दिसेल तो माणूस इयत्ता चौथीतला, अशी त्यांची समजूत. त्यांनी शांतपणे विचारलं, "काय हो जावईबापू, तपासलं म्हणजे काय केलंत?"

ठिगळरावाने सांगायला सुरुवात केली. प्रोग्रॅममध्ये एकेका कामाला एकेक फंक्शन नेमलेलं असतं, कचेरीत एकेका कामाला एकेक कारकून असतो तसं. फरक इतकाच की फंक्शनला हाक मारली तर ते जागेवर सापडतं. कोणाला हलवायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणारंही एक फंक्शन होतं. त्यातला जुना नियम अखंडसाहेबांच्या डोक्यातून निघालेला: ज्याच्याविरुद्ध तीन तक्रारी येतील त्याला उचलून शहरातल्या मुख्य इस्पितळात, वरिष्ठांच्या नजरेखाली आणायचं, ज्याच्याविरुद्ध तक्रार नाही त्याला हलवायचं नाही, कारण तिथले लोक सुखी आहेत. नियम कागदावर मोठा शहाणा दिसे. त्याने एवढंच झालं की पाच-सहा वर्षांत खात्यातला प्रत्येक कामचुकार, प्रत्येक उद्धट आणि प्रत्येक झोपाळू माणूस शहरात घराजवळ येऊन बसला, आणि कामाची माणसं डोंगरात कुजली. शेवटी वरून हुकूम आला: हा नियम काढा, तीन वर्षं झाली की माणूस परत. तीन वर्षांपूर्वी ठिगळरावाने प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये त्या फंक्शनचा मजकूर बदलला.

"पण प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करायचा नाही, असा साहेबांचा दंडक. मग बदल लागला की नाही कसं कळणार? तर चालत्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारायला एक छोटी खिडकी आहे. त्यातून काही बदलता येत नाही, फक्त विचारता येतं. मी त्यालाच विचारलं, बाबा रे, तुझ्या या फंक्शनचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला मजकूर, दाखव. त्याने दाखवला. पडद्यावर नवा नियम, अक्षर न् अक्षर! साहेबांनी पाहिला, यादी करणाऱ्या बाईंनी पाहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. दर वर्षी करतात. चालत्या प्रोग्रॅमच्या तोंडून वदवून घेतलंय, आई. आणखी काय करायचं असतं?"

सासूबाईंनी ताटातलं लोणचं बाजूला सारलं.

"मुलाचं पाठांतर घ्यायचं असलं की मी काय करायचे?"

"काय?"

"पुस्तक मिटायला लावायचे. तुमचा गडी पुस्तक उघडं ठेवून वाचून दाखवतोय, आणि तुम्ही तिघं चौघं मोठी माणसं त्याला शाबासकी देताय."

ठिगळराव हसला. मग हसायचा थांबला. मग ताट तसंच ठेवून उठला, आणि सासूबाईंनी "जेवून उठा!" असं शाळेच्या आवाजात म्हटल्यावर पुन्हा बसला.

बुधवारी सकाळी कचेरी उघडायच्या आत तो चवड्यांवर त्या खोलीत शिरला. पहारेकरी बटणाला पाठ टेकून बसला होता. ठिगळरावाने प्रोग्रॅमला हात लावला नाही. फक्त शेजारी ठेवलेल्या फाइलचं नाव बदललं. पुस्तक मिटलं. मग खिडकीतून विचारलं: तुझ्या त्या फंक्शनचा सोर्स कोड दाखव.

प्रोग्रॅम म्हणाला, मजकूर सापडत नाही.

आणि चालू राहिला. हजेऱ्या घेत होता, रजा लावत होता, अगदी मजेत. म्हणजे याच्या पोटात जे आहे त्याचा मजकूर याच्याकडे नाहीच! याने जागं होताना, तीन हजार नऊशे पंच्याण्णव दिवसांपूर्वी, एकदा फाइल वाचली, तिचं आपल्या भाषेत काहीतरी करून पोटात घातलं आणि त्यावरच तो चालतोय. सोर्स दाखव म्हटलं की हा शेजारची फाइल उघडतो आणि त्यात आत्ता जे असेल ते गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवतो. काम एक, वाचन दुसरं. या दोहोंचा संबंध असतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. अकरा वर्षं सरकारी कचेरीत काढल्यावर कुठला प्रोग्रॅम याहून वेगळा वागला असता?

ठिगळरावाने मग आधीच करायला हवं होतं ते केलं. मजकूर न विचारता थेट फंक्शनला कामाला लावलं. एक खोटा माणूस समोर ठेवला: डोंगरात सहा वर्षं, तक्रारी शून्य. उत्तर आलं: हलवू नये. दुसरा ठेवला: डोंगरात सहा महिने, तक्रारी तीन. उत्तर: मुख्य इस्पितळात आणावे.

तीन वर्षांत हे एकदाही कोणी करून पाहिलं नव्हतं. मजकूर बरोबर असल्यावर निकाल कशाला बघायचा?

त्याने फाइलचं नाव पूर्ववत केलं आणि तडक साहेबांची खोली गाठली.

"साहेब, प्रोग्रॅममध्ये जुनाच नियम चालतोय."

"काय सांगता? सोर्स दाखवा."

"सोर्स नवाच दिसतो, साहेब. पण..."

"नवा दिसतो ना?"

"दिसतो. पण तो वागतो जुन्यासारखा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा. खात्याचं काम नियमाप्रमाणे चाललंय की नाही, हे आपण कशावरून ठरवतो? लिहिलंय काय, यावरून. लिहिलेलं बरोबर आहे. मग चूक कुठाय?"

"साहेब, एकदा बंद करून चालू केला की झालं. दोन मिनिटं. अडीच."

साहेबांनी असं बघितलं, जणू ठिगळरावाने कोणाचा गळा दाबायची परवानगी मागितली होती.

"सोमवारी चार हजार भरतायत," साहेब म्हणाले. आवाज दुखावलेला होता.

"सोमवारनंतर केला तरी..."

"सोमवारनंतर आपण पाच हजारांकडे बघू. ठिगळराव, तुमच्या मंडळी डोंगरात आहेत, तुमची तळमळ मी समजू शकतो. पण एका बाईसाठी अकरा वर्षांची परंपरा मोडायची? उद्या कोणी म्हणेल, फळाच पुसा."

ठिगळराव बाहेर आला तो तळमजल्यावर. पहारेकऱ्याला म्हणाला, "दादा, दोन मिनिटं चहा पिऊन या की."

"चहा मला इथेच आणून देतात," पहारेकरी म्हणाला आणि बटणावर तळहात ठेवून बसला. ही एकच वेळ असावी की तो पूर्ण जागा होता.

संध्याकाळी हे सगळं सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लेकीचा गुन्हा असा की तिच्याविरुद्ध कोणाचं काही म्हणणं नाही."

"हो."

"आणि तो गडी अजून तीन तक्रारी मागतोय."

"हो. उद्या पाच वाजेपर्यंत आलेल्याच धरेल. तक्रार करणाऱ्याने तिच्या हातून उपचार घेतलेले हवेत, एवढी अट आहे."

सासूबाई उठल्या, कपाटातून रेघांचे कागद आणि लाल पेन काढून आणलं. "मग द्या त्याला. जो जे मागतो ते त्याच्या पुढ्यात टाकावं. पण एक सांगून ठेवते, खोटं एक अक्षर लिहायचं नाही. माझ्या मुलीवर खोटा आळ घेऊन ती घरी आली, तर मी आधी तुम्हाला डोंगरात पाठवीन."

पहिली तक्रार त्यांनी स्वतः लिहिली. 'सदर नर्स रजेवर घरी आल्या असता त्यांनी माझ्या दंडात सुई टोचली. मी "हळू" असे म्हटल्यावर "आई, गप बस" असे उद्गार काढले. मी त्यांची जन्मदाती असून चौतीस वर्षे शिक्षिका होते. मला कोणी गप बस म्हणण्याची ही पहिलीच वेळ.'

"पहिलीच?" ठिगळरावाने विचारलं.

"बाकीच्यांची हिंमत झाली नाही. लिहा तुम्ही तुमची."

ठिगळरावाकडे सामग्री होती. दोन वर्षांपूर्वी तो तिला भेटायला गेला होता आणि भाजी चिरताना अंगठा कापून घेतला होता. चार टाके. टाके घालताना भरल्या दवाखान्यात ती म्हणाली होती, "भाजी चिरता येत नाही, प्रोग्रॅम काय डोंबल लिहिणार!" बावीस पेशंट हसले होते, एकाचे तर हसताना टाके उसवले. त्याने ते सगळं लिहिलं. पण पेन थांबेना. पुढे लिहिलं, 'सदर नर्स गेली सहा वर्षे घरी नाहीत. घरातल्या वस्तू जिथल्या तिथे आहेत, पण कोणती कशासाठी आणली होती ते आठवेनासे झाले आहे.'

सासूबाईंनी लाल पेनाने समासात लिहिलं: विषयांतर. पण वाक्य काही खोडलं नाही.

तिसरी तक्रार कुठून आणायची? ठिगळरावाने दवाखान्यात फोन लावला. नर्सबाई फेरीवर होत्या, फोन तिथल्या म्हाताऱ्या माळ्याने उचलला. त्याच्यावर दोनदा उपचार झालेले. ठिगळराव म्हणाला, "बाबा, बाईंविरुद्ध एक छोटीशी तक्रार लिहून द्याल?" माळ्याने अशी काही शिवी हासडली की फोनची तार घाटातल्या घाटात गरम झाली असावी. पाठोपाठ त्याने गावाला सांगितलं, आणि तासाभरात ठिगळरावाला अकरा फोन आले. अकराही जणांनी ठिगळरावाविरुद्ध तक्रार नोंदवायची तयारी दाखवली.

"एवढं लोकांच्या मनात घर करून बसायचं काही कारण होतं का?" सासूबाई वैतागून म्हणाल्या. "लहानपणापासून सवयच वाईट. हिच्यावर चिडलेला एकही माणूस नाही?"

ठिगळरावाच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. होता. एकच होता, पण होता मोठा.

दीड वर्षापूर्वी अखंडसाहेब पाहणीसाठी डोंगरात गेले होते. बुटाने अंगठ्याचं नख पायात रुतलेलं, पू झालेला. दवाखान्यात शिरून त्यांनी आपली ओळख सांगितली, तेव्हा नर्सबाईंनी मान वर न करता बाकाकडे बोट दाखवलं होतं आणि साहेबांना रांगेत बसावं लागलं होतं. पाय बघितल्यावर ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "नखं सरळ कापावीत, एवढं लहान पोरांनाही कळतं." ही हकिकत साहेबांनी कोणाला सांगितली नाही, त्यांच्या ड्रायव्हरने सगळ्यांना सांगितली.

गुरुवारी दुपारी ठिगळराव साहेबांसमोर अदबीने उभा राहिला.

"साहेब, कालचं मनावर घेऊ नका. मी वेगळ्याच कामाला आलोय. सोमवारच्या समारंभात एखाद्या निष्कलंक कर्मचाऱ्याला प्रशस्तिपत्र द्यायचं, तुमच्या हस्ते, असं बोललं जातंय."

"चांगली कल्पना आहे. कोण?"

"बोलायला संकोच वाटतो. आमच्याच मंडळी. घरच्या दोन किरकोळ तक्रारी आहेत, पण तीन झाल्याशिवाय डाग धरत नाहीत. तुम्ही दोन शब्द बोलायचे. शिस्त, वक्तशीरपणा, आणि लहानमोठा असा भेद न करता सगळ्यांना रांगेत..."

साहेबांच्या मानेवर तांबडा रंग चढू लागला तो कानांपर्यंत गेला.

"आणि ते पाय दाखवायला आलेले पेशंट," ठिगळराव भाबडेपणाने पुढे म्हणाला, "त्यांना ती आरोग्याचे धडेही देते म्हणे. समारंभात एखादा किस्सा सांगता आला तर..."

"तुम्ही जा," साहेब म्हणाले. "आणि जाताना बाहेरून कोरा कागद पाठवा. दोन पाठवा."

पावणेपाच वाजता तिसरी तक्रार दाखल झाली. अकरा वर्षांत साहेबांनी स्वतः लिहिलेला तो पहिलाच मजकूर, फळ्यावरचे आकडे सोडून. चार पानी होता.

शुक्रवारी अकराला यादी करणाऱ्या बाईंनी यादी काढायचं बटण दाबलं. प्रोग्रॅमने पोटातल्या जुन्या नियमाला स्मरून कौल दिला, आणि बदली होणाऱ्यांत पहिलं नाव नर्सबाईंचं होतं. नेमणूक: मुख्य इस्पितळ, शहर. ठिगळरावाने तिथूनच फोन केला.

"आलं का?" तिने विचारलं.

"आलं."

"खरं सांगा. तुम्ही बघितलंत, की प्रोग्रॅमने सांगितलं?"

"छापील कागद हातात आहे."

"मग ठीक. नाही म्हणून कळवते इथे." आणि मग तिचा आवाज जरासा ओला झाला, पण तो घाटातल्या फोनचा दोषही असू शकतो.

सोमवारी समारंभ झाला. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर साहेबांनी चालत्या प्रोग्रॅमकडून त्या फंक्शनचा सोर्स कोड मागवला. 'तीन वर्षांनंतर परत' हा न्याय्य नियम अक्षर न् अक्षर झळकला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पहारेकऱ्याला फुलांचा गुच्छ मिळाला. तो घ्यायला उठताना त्याने बटणावर बसायला बदली माणूस मागितला. डोंगरातून कोणी टाळ्या वाजवायला आलेलं नव्हतं, त्यांना रजा नव्हती.

बुधवारी दुपारी नर्सबाई घरी आल्या. दारात ट्रंक ठेवली, आईकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि पर्समधून तिन्ही तक्रारींच्या प्रती काढून टेबलावर आपटल्या.

"बसा दोघं."

दोघं बसले.

"तक्रारीची प्रत ज्याच्यावर आहे त्याला जाते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," ठिगळराव म्हणाला.

"आणि यादीखालची ही ओळ? सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. खुलासा समाधानकारक आढळल्यास बदली रद्द करून मूळ जागी परत पाठवावे."

ही ओळ ठिगळरावानेच अकरा वर्षांपूर्वी, प्रोग्रॅम चालू व्हायच्या आधी, ठिगळ म्हणून लावली होती. तो विसरला होता. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे," नर्सबाई म्हणाल्या, "मी चांगली आहे असं सिद्ध केलं तर परत डोंगरात. घरी राहायचं तर मी वाईट आहे असं सही करून द्यायचं. सहा वर्षांत मी साधा तापाचा आकडा कधी खोटा लिहिला नाही. आणि आता हे? मी खोट्यावर सही करणार नाही. उद्याची गाडी धरीन."

सासूबाईंनी लाल पेन उचलून लेकीसमोर धरलं.

"खोटं कुठे आहे, तिथे खूण कर."

"आई, हा चेष्टेचा विषय नाहीये."

"मी कधी चेष्टा केली आहे का? कर खूण."

नर्सबाईंनी पेन घेतलं. पहिली तक्रार वाचली. "गप बस म्हणाले होते. कारण तू हलत होतीस." दुसरी वाचली, शेवटच्या दोन वाक्यांवर जरा रेंगाळली आणि नवऱ्याकडे न बघता पान उलटलं. मग साहेबांची चार पानं. ती वाचताना मध्येच पेन टेकवलं.

"सापडलं?" ठिगळराव घाबरून म्हणाला.

"चौदावा नंबर दिला, असं लिहिलंय. पंधरावा होता. एका गरोदर बाईला मध्ये घेतलं होतं." पुढे वाचत गेली, पानं संपली. पेनाला पुन्हा टेकायला जागा मिळाली नाही. नखांबद्दलचं वाक्य तर साहेबांनी शब्दशः उतरवलं होतं. लागलेलं वाक्य माणूस चुकत नाही.

तिने रेघांचा कागद ओढला आणि उभ्या उभ्याच खुलासा लिहिला. 'तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. साहेबांचा नंबर चौदावा नसून पंधरावा होता, एवढी दुरुस्ती व्हावी. मुख्य इस्पितळातही रांग असल्यास याहून वेगळे वर्तन माझ्याकडून घडण्याची शक्यता नाही.' खाली ठसठशीत सही केली.

"हा तुम्ही उद्या स्वतः नेऊन द्या," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि शिक्क्याची पोच आणा. तुमचा तो गडी मिळालं म्हणाला तरी मला चालणार नाही."

"आणतो."

"आणि कपाटातला माझा खण कुठाय?"

ठिगळराव लगबगीने उठला. खण उघडला, तर त्यात वायरी, जुने स्क्रू आणि निरनिराळ्या पिना गळ्यापर्यंत भरलेल्या. नर्सबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "दोन मिनिटं दे," तो म्हणाला आणि जमिनीवर बसून एकेक वस्तू बाहेर काढू लागला.